आधी टाकी, मग मासा

आदिलाबादच्या आपल्या मराठी घरांतून कुणाला फिश टँक घ्यायचा झाला की बऱ्याचदा फोन माझ्याकडे येतो. कारण साधं आहे. आमच्या घरी तीन टाक्या आहेत, त्यातली एक सहा फुटी, तेव्हा या माणसाला काहीतरी कळत असणार अशी लोकांची समजूत. पूर्वी विचारणा गोल्डफिशची, गप्पीची, फायटरची असायची. आता दहावी-बारावीतली पोरं विचारतात, "काका, फ्लॉवरहॉर्न घेऊ का ऑस्कर?" आणि मी तोंड उघडायच्या आत पुढचा प्रश्न, "दोन्ही एकत्र ठेवले तर?"

यंदा हा प्रश्न माझ्या भाच्याने विचारला आणि तो काही फोनवर मिटला नाही. ताईच्या हॉलमध्ये बसून आम्ही तीन-चार रविवार त्यावर घासाघीस केली. त्यातलं जे इतरांच्या कामाचं वाटलं ते इथे लिहितोय, विशेषतः तुमच्या घरात असा एखादा हट्ट चालू असेल तर.

भाच्याला दुकानात जे सांगितलं होतं ते असं: दोन फुटी टाकी, त्यात एक फ्लॉवरहॉर्न, दोन ऑस्कर, दोन पॅरट आणि काच साफ करायला एक सकर. सगळे 'बेबी'. स्टँडसकट सगळं मिळून त्याचे दिवाळीचे आणि आजीने दिलेले पैसे बरोब्बर पुरत होते. दुकानदार खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. त्या दिवशी, त्या टाकीत, ते सगळे मासे मावतच होते. दोन इंचाचा मासा दोन फुटी टाकीत हिंडताना सुरेखच दिसतो. हिशेब फसतो तो पुढच्या वर्षाचा.

ऑस्करला नीट खाणं मिळालं तर पहिल्या वर्षात तो महिन्याला जवळजवळ एक इंच वाढतो. पूर्ण वाढ झाली की फूटभर लांब, वजन किलोच्या आसपास. फ्लॉवरहॉर्नही त्याच मापाचा. जॅग्वार सव्वा फुटाच्या पुढे जातो. आणि हे मासे दहा-बारा वर्षं जगतात. भाचा आत्ता सोळा वर्षांचा आहे. म्हणजे तो इंटर संपवेल, डिग्री करेल, कुठे नोकरीला लागेल, कदाचित त्याचं लग्नही ठरेल, आणि ताईच्या हॉलमध्ये तो मासा काचेला नाक लावून खाणं मागत असेल. मी हे बोललो तेव्हा ताईने चहाचा कप खाली ठेवला.

"टाकी लहान असली की मासा तेवढाच वाढतो ना मामा?" असं भाच्याने विचारलं. ही समजूत फार पसरलेली आहे. लहान टाकीत वाढ खुंटते हे खरं, पण ती मासा समजूतदार आहे म्हणून नव्हे. स्वतःच्याच घाणीत राहून तो खुरटतो आणि लवकर मरतो.

आता हे मासे मुळात कोण आहेत ते थोडं सांगतो, कारण ते कळल्याशिवाय भांडण का होतं ते कळत नाही. सिक्लिड हे एक मोठं कुटुंब. ऑस्कर अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला, जॅग्वार निकाराग्वाच्या मानाग्वा तलावाकडचा. फ्लॉवरहॉर्न कुठल्याच नदीतला नाही. १९९०च्या दशकात मलेशियात मध्य अमेरिकेतल्या सिक्लिडांचे संकर करून तो तयार केला गेला. कपाळावरचं टेंगूळ आणि अंगावरचे काळे ठिपके यांत तिथल्या चिनी लोकांना शुभ अक्षरं दिसली आणि त्याची किंमत चढली. आपल्याकडे येता येता त्या फेंगशुईत वास्तुशास्त्रही मिसळलं. पॅरट हाही तैवानमध्ये केलेला संकरच.

पण सिक्लिड आपल्याला अगदीच परके नाहीत. आदिलाबादच्या मच्छी बाजारात जो चिलापी मिळतो तो आफ्रिकेचा सिक्लिड, भारतात १९५२ साली आणलेला. सोलापूर रस्त्याने जाताना उजनीचा चिलापी तुमच्यापैकी कितीतरी जणांनी खाल्ला असेल. गोव्याचं कालुंदर, ज्याला केरळात करिमीन म्हणतात, तेही सिक्लिडच, आणि ते मात्र अस्सल इथलं. भारताचे स्वतःचे सिक्लिड अवघे तीन, त्यातलं हे एक.

या कुटुंबाचा एक गुण असा की बहुतेक मासे अंडी घालून निघून जातात, हे जात नाहीत. ऑस्करची जोडी एखादा सपाट दगड निवडते, तोंडाने घासून स्वच्छ करते, त्यावर हजारभर अंडी घालते आणि मग दोघं पाळीपाळीने त्यावर पंखांनी पाणी वारत राहतात. पिल्लं फुटली की त्यांना तोंडात धरून वाळूत केलेल्या खड्ड्यात हलवतात. चिलापीची मादी तर अंडी तोंडातच बाळगते आणि त्या काळात जवळजवळ काही खात नाही. ज्याला लेकरं राखायची असतात त्याला आधी जागा राखावी लागते. दुकानातले लोक 'गुस्सेवाला मासा' म्हणतात तो राग हा असा. पिल्लं नसली, जोडी नसली, तरी जागा राखायची खोड जात नाही. एकटा फ्लॉवरहॉर्नही काचेबाहेरच्या माझ्या बोटावर धावून येतो.

नदीत असं भांडण झालं की हरलेला पळतो. वीस फूट लांब, एखाद्या बुडलेल्या ओंडक्यामागे गेला की प्रकरण संपलं. जिंकलेल्यालाही तेवढंच हवं असतं, तो काही पाठलाग करत गावभर फिरत नाही. टाकीत हरलेला पळतो आणि दोन फुटांवर काच लागते. जिंकलेल्याच्या दृष्टीने तो अजून आपल्याच हद्दीत आहे, म्हणून मार चालूच राहतो. शेपटी फाटते, खवले उडतात, मग तो मासा फिल्टरच्या मागे वरच्या कोपऱ्यात डोकं वर करून उभा राहतो, खाणं सोडतो, आठवड्याभरात जातो. म्हणून मी टाकीचं माप जिंकणाऱ्यासाठी नाही, हरणाऱ्यासाठी काढतो. सगळ्यात कमकुवत माशाला नजरेआड व्हायला जागा आहे का, एवढंच बघायचं. नसेल तर दुसरा मासा घ्यायचा नाही.

आता आकडे. लांबी, रुंदी, उंची फुटांत घेऊन गुणा, आलेल्या घनफुटांना २८ ने गुणा, की लिटर मिळतात. २ × १ × १ ची टाकी म्हणजे दोन घनफूट, ५६ लिटर. एका ऑस्करला किंवा एका फ्लॉवरहॉर्नला मी ४ × १.५ × १.५ च्या खाली हो म्हणत नाही. म्हणजे नऊ घनफूट, सुमारे २५० लिटर. दोन ऑस्कर, किंवा ऑस्कर आणि त्याच्याबरोबर चार दुसरे मासे, असं मनात असेल तर सहा फुटी घ्या. ६ × २ × २ असली तर उत्तम, ती ६७० लिटरच्या पुढे जाते. जॅग्वारची जोडी त्याखाली नकोच.

यात रुंदीकडे कुणी बघत नाही, आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची. आपल्याकडे शोकेससारख्या उंच आणि चिंचोळ्या टाक्या लोकांना आवडतात: चार फूट लांब, दोन फूट उंच, पण रुंदी एक फूट. लिटर बघाल तर २२४, फार कमी वाटत नाहीत. पण फूटभर लांबीचा मासा एक फूट रुंदीत वळणार कसा? तो अंग दुमडून, काचेला घासून वळतो. दीड फूट रुंदी ही किमान. उंची वाढवून या माशांचा काही फायदा नाही, ते जमिनीवर हद्द आखतात.

भाऊजी बांधकामातले, त्यांनी लगेच वजनाचा मुद्दा काढला. बरं झालं काढला. चार फुटी टाकीत २५० किलो पाणी, आठ मिलिमीटर काचेचे चाळीस किलो, वाळू-दगड, वर स्टँड, म्हणजे साडेतीनशे किलोच्या घरात गेलो. पाच माणसं चोवीस तास एकाच ठिकाणी उभी राहिल्यासारखं. सहा फुटी टाकी भरल्यावर आठशे किलोंच्या वर जाते. ती तळमजल्यावरच ठेवावी, वरच्या मजल्यावर ठेवायची तर आधी इंजिनिअरला विचारावं. ताईच्या सासूबाईंची इच्छा टाकी ईशान्येला असावी अशी होती. भाऊजींनी बीम कुठून गेलाय ते दाखवलं आणि टाकी बीमवर, भिंतीला लागून ठरली. ती दिशा आग्नेय निघाली. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या की मासा तरी पूर्वेकडे तोंड करून राहील ना. राहील, आजी.

मोठी टाकी का, याला आदिलाबादचं एक वेगळं उत्तर आहे, आणि ते पुण्या-मुंबईच्या लोकांच्या लक्षात येत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो आणि डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे एक आकडी होतो. या माशांना हवं असतं २५ ते २८ अंशांचं पाणी. छोटी टाकी दुपारी तापते आणि पहाटे गारठते. अडीचशे लिटर पाणी तापायला वेळ लागतो आणि निवायलाही. तेवढ्या वेळात आपल्याला काहीतरी करता येतं.

उन्हाळ्यात मुख्य भीती श्वासाची असते. २६ अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो. ३४ अंशांना तो ७ वर येतो, आणि नेमकी त्याच वेळी माशाची गरज वाढलेली असते. त्यात दुपारी दोनला लाईट गेली की फिल्टर बंद. ऐन उन्हाळ्यात रात्री फोन येतो, "मासा वर येऊन तोंड उघडतोय," तो याचाच. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात हवाच, किंवा फिल्टरची वायर इन्व्हर्टरवर घ्या. टाकीचं झाकण काढून वर जाळी लावा आणि पाण्याच्या पृष्ठभागावर एक छोटा पंखा सोडा, बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. जाळी विसरू नका, ऑस्कर उडी मारतो. बर्फ टाकू नका.

हिवाळ्यात अडीचशे लिटरला ३०० वॅटचा हीटर लागतो. बारा तास चालला तर साडेतीन युनिटं. ही गोष्ट घरात आधीच सांगून ठेवावी, बिल आल्यावर नव्हे. शिवाय मोठे सिक्लिड हीटरला शत्रू समजून धडका देतात आणि काचेचा हीटर फुटतो. त्यावर प्लॅस्टिकचं जाळीदार कव्हर मिळतं, ते लावायचंच.

पाण्याच्या बाबतीत मात्र आपलं नशीब बरं आहे. पैनगंगेच्या अलीकडचा हा पट्टा चुनखडीचा. इथे सिमेंटचा कारखाना उगीच आला नव्हता. त्यामुळे बोअरचं पाणी जड, नळाच्या तोंडावर पांढरा थर बसतो, आणि डाळ शिजत नाही म्हणून घराघरांत कुरकुर. मध्य अमेरिकेच्या सिक्लिडांना हेच पाणी मानवतं. ऑस्कर मूळचा हलक्या पाण्यातला, पण फार्ममध्ये वाढलेला असल्याने तोही रुळतो. तेव्हा माशासाठी आरओचं पाणी भरणाऱ्यांनी ते आपल्या वरणासाठी ठेवावं. नळाचं पाणी असेल तर क्लोरीन मारायला औषधाचे थेंब टाका. एक खबरदारी मात्र घ्या. जड पाण्यात आणि उष्णतेत माशाच्या विष्ठेतून येणारा अमोनिया जास्त विषारी होतो, म्हणून दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदलणं आपल्याकडे चुकवून चालत नाही. ऐंशी लिटर होतं. एप्रिलमध्ये बोअर आटायला लागल्यावर ऐंशी लिटर ओतून देताना घरच्यांच्या पोटात गोळा येतो, हे मी जाणतो. आम्ही ते पपई आणि कढीपत्त्याला घालतो. या पाण्याइतकं खत विकतही मिळत नाही.

सोबत्यांचा विषय आला की भाचा खुर्चीत पुढे सरकायचा. त्याला गर्दी हवी होती. सोळाव्या वर्षी कुणाला नको असते?

पहिला नियम तोंडाचा. जो मासा तोंडात मावतो तो सोबती नाही, जेवण आहे. ऑस्करच्या टाकीत गप्पी, टेट्रा, एंजल, काहीही टाकलं तरी ते आज ना उद्या नाहीसं होतं. दुसरा नियम शरीराचा आणि वागण्याचा. सोबती त्याच्याएवढा दणकट हवा, पण दिसायला त्याच्यासारखा नको आणि जागा त्याचीच मागणारा नको. सिक्लिडला सगळ्यात जास्त राग स्वतःसारख्या दिसणाऱ्याचा येतो. म्हणून सहा फुटी टाकीत ऑस्करबरोबर सिल्व्हर डॉलर चांगले जमतात. ते चपटे, चपळ, पाच-सहाच्या घोळक्याने मधल्या थरात फिरतात आणि जमिनीवर हक्क सांगत नाहीत. उलट ते बिनधास्त फिरताना दिसले की ऑस्करलाही धीर येतो आणि तो लपून राहत नाही. सेव्हरम हा सिक्लिड असूनही स्वभावाने शांत, तोही चालतो.

सिल्व्हर डॉलर मागितला की कधीकधी त्याच्यासारखाच दिसणारा, लाल पोटाचा पाकू हातात पडतो. घेऊ नका. हाच आपल्या बाजारात रूपचंद म्हणून किलोवर विकला जातो, यावरून तो केवढा होतो ते ओळखा. आणि सकर: दुकानात बोटाएवढा असतो, पुढे दीड फूट होतो. काच फारशी साफ करत नाही, घाण मात्र भरपूर करतो. काच साफ करायला माणसाचा हात आणि एक स्पंज पुरतो.

पॅरटबद्दल मला वाईट वाटतं. माणसाने त्याचं तोंड असं घडवलंय की ते पुरतं मिटत नाही. त्याला नीट चावताच येत नाही, आणि आपण त्याला फ्लॉवरहॉर्नपुढे उभं करतो. पॅरट ठेवायचे तर पॅरटच ठेवावेत.

फ्लॉवरहॉर्न आणि ऑस्कर एकत्र? नाही. फ्लॉवरहॉर्न आणि कुणीही? तरी नाही. हा मासा एकट्यानेच ठेवायचा. लहानपणी एकत्र वाढवले की भाऊ होतात असं सांगणारे भेटतील. सहा-सात महिने तसं दिसतंही. मग एके सकाळी एकच उरतो. "एकटा कसा राहील बिचारा?" हे आजींनी विचारलं, आणि माणसाच्या दृष्टीने प्रश्न रास्त आहे. पण त्याला जोडीदार नको असतो, त्याला जागा हवी असते. त्याची करमणूक म्हणजे आपण. रोज खाणं घालणाऱ्याला तो ओळखतो, पाहुणा आला तर वेगळा वागतो, टाकीतले दगड तोंडाने उचलून आपल्या मनासारखे लावतो. आपण सरळ केले की पुन्हा हलवतो. संध्याकाळभर हे बघत बसता येतं.

काही जण आफ्रिकेच्या मलावी तलावातल्या छोट्या सिक्लिडांचं उदाहरण देतात. तिथे मुद्दाम गर्दी करतात, म्हणजे मार एकावर न पडता वाटला जातो. ते खरं आहे, पण ते मासे चार-पाच इंचांचे, आणि त्यात एका नरामागे तीन-चार माद्या ठेवतात. मोठ्या अमेरिकन माशांना हा उपाय लावला तर फक्त मरणारे वाढतात.

नवा सोबती सोडायचाच झाला तर आधी आतले दगड-ओंडके हलवून घ्या, जुन्या माशाच्या हद्दीच्या खुणा पुसल्या जातात. दिवा बंद करून रात्री सोडा. आणि भोकांची जाळीदार पट्टी तयार ठेवा, टाकीचे दोन भाग करायला. ती लागणारच नाही असं मानून चालू नका.

इथपर्यंत भाचा मला वाद घालत होता. एका रविवारी मी त्याला आमच्या सहा फुटी टाकीतला लाल ऑस्कर दाखवला. तसा तो त्याने आधीही पाहिला होता, पण त्याच्या कपाळावरचे खड्डे नीट पाहिले नव्हते. हा मासा मी विकत घेतलेला नाही. ओळखीतला एक मुलगा इंजिनिअरिंगला हैदराबादला गेला, तेव्हा त्याचे वडील एका संध्याकाळी प्लॅस्टिकच्या बादलीत हा मासा घेऊन आले. अकरा इंचांचा मासा, वाकून बसलेला. अडीच फुटी टाकीत त्याने दोन वर्षं काढली होती. घाण पाण्यात राहून मोठ्या सिक्लिडांच्या डोक्याला भोकं पडतात, तशी त्याला पडली होती. दुकानदार परत घेईना. ते गृहस्थ मला म्हणाले, "तुम्ही नाही घेतला तर मावल्याच्या तळ्यात सोडतो. मोठं पाणी आहे, सुखाने राहील." बोलताना त्यांचा आवाज हलला होता. वाईट माणूस मुळीच नव्हे. पोराच्या माशाला दोन वर्षं हाताने खाणं घातलं होतं त्यांनी.

मी घेतला. स्वच्छ पाण्यात जखमा भरल्या, खड्डे राहिले.

पण तळ्यात सोडण्याचं मी त्यांना जे सांगितलं ते इथेही सांगतो, कारण हा विचार आपल्या सगळ्यांच्या मनात येतो आणि त्यामागे दयाच असते. तो मासा थंडीत मरेलही. पण जगला तर? आपली तळी पावसाळ्यात सांडतात. त्यांचं पाणी ओढ्याला, ओढा पैनगंगेला, पैनगंगा वर्धेला, वर्धा प्राणहितेत आणि प्राणहिता गोदावरीत. पनामाच्या गाटुन तलावात १९६७च्या सुमारास पीकॉक बास नावाचा एक मोठा सिक्लिड माणसाच्या तळ्यातून निसटून पोचला. काही वर्षांतच तिथले बहुतेक स्थानिक छोटे मासे त्याने संपवले. १९७३ साली शास्त्रज्ञांनी ते मांडलं तेव्हा असं दिसलं की मासेच नव्हेत, मासे खाऊन जगणारे पक्षीही तिथून कमी झाले होते. एवढं लांब जायला नको. सकर आज आंध्रातल्या तळ्या-नद्यांत शिरलाय, त्याच्या काट्यांनी मच्छीमारांची जाळी फाटतात, आणि त्याला बाजारात गिऱ्हाईक नाही. तो काही स्वतः पोहत दक्षिण अमेरिकेतून आला नाही. कुणीतरी कंटाळून बादली रिकामी केली. आपल्या जिल्ह्यातल्या तळ्यांत सरकार २०१६ पासून कटला-रोहूचं बीज सोडतंय, त्यावर कितीतरी मच्छीमार घरांची चूल आहे. त्या बीजात फूटभर तोंडाळ मासा सोडायचा हक्क आपल्याला नाही.

त्यामुळे मासा घ्यायच्या आधी तो पुढे कोण सांभाळेल हे ठरलं पाहिजे, असा माझा आग्रह होता. भाच्याच्या घरी ते ठरलं, आणि मला वाटलं होतं त्याहून वेगळं ठरलं. ताई म्हणाली, "मी खाणं घालीन, पाण्याला हात लावणार नाही." पाण्याचं भाऊजींनी घेतलं. रविवारी सकाळी ऐंशी लिटर पाइपने काढायचं आणि भरायचं, आणि भाचा हॉस्टेलवर गेला तरी ते चालू ठेवायचं, असं त्यांनी मला स्वतः फोन करून सांगितलं. एवीतेवी बीम शोधण्यापासून ते यात अडकलेच होते.

मासा एकच ठरला. ऑस्कर, आणि तोही एकटा. सिल्व्हर डॉलर घेऊ का असं भाच्याने शेवटचं विचारून पाहिलं, पण चार फुटांत पाच-सहांचा घोळका आणि ऑस्कर होत नाही, आणि सहा फुटी टाकी त्यांच्या मजल्यावर चढणार नाही. फ्लॉवरहॉर्नचा नाद त्याने स्वतःच सोडला. का, ते विचारल्यावर म्हणाला, "त्याला कुणीच नको असतं मामा, मग माझ्याशी तरी काय बोलणार." माझं मत वेगळं आहे, पण मी गप्प बसलो.

दिवाळीचे पैसे अर्थातच पुरले नाहीत. उरलेले त्याने पुढच्या वाढदिवसाच्या नावावर उचललेत.

टाकी बसून सोळा दिवस झाले. माझ्या फिल्टरमधला जुना, मळका स्पंज आम्ही त्यांच्या फिल्टरमध्ये घातलाय, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू लवकर वाढतील. एरवी याला चार ते सहा आठवडे लागतात. भाचा रोज चिमूटभर खाणं रिकाम्या पाण्यात टाकतो, परीक्षानळीत पाणी घेऊन त्यात थेंब घालतो आणि रंगाचा फोटो मला पाठवतो. कालचा अमोनिया शून्य होता, नायट्राइट अजून थोडा गुलाबी दाखवतोय. मासा नसलेल्या टाकीला दिवा कशाला, असं आजी रोज विचारतात आणि संध्याकाळी त्याच तो लावून समोर बसतात.